बटनाची चिमणी

अनुसूयाबाई आमच्या शेजारच्या. जवळा बाजार या गावात त्यांच्या आणि माझ्या घराच्या मधे एकच भिंत आहे, तीही चार इंची. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते आणि माझा सकाळचा रेडिओ त्या ऐकतात. मी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. त्यांचा श्रेयस चौथीला माझ्या वर्गात होता, त्यामुळं त्या मला अजून 'बाई' म्हणतात. पुढं जे सांगते त्यातलं थोडं मी भिंतीतून ऐकलंय, थोडं डोळ्यांनी पाहिलंय, आणि बाकीचं त्यांनीच माझ्या ओट्यावर बसून, मेथी निवडता निवडता सांगितलंय.

अनुसूयाबाई मूळच्या साखऱ्याच्या. एकोणिसाव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न होऊन सिद्धेश्वरला आल्या. गोपाळराव धरणावर पाटबंधारे खात्यात कारकून. तिथल्या क्वार्टरला पुढं एक खोली, मागं एक खोली, आणि मागच्या खोलीला खिडकी नव्हती. छताजवळ एक वीट काढून भोक ठेवलं होतं तेवढंच. त्या खोलीत चूल. जळण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या नि तुरीच्या तुराट्या, पावसाळ्यात तेही ओलं. सासरा, शिकायला ठेवलेले दोन दीर, नवरा आणि स्वतः, अशा पाच जणांच्या भाकरी रोज दोन वेळा. डोळे चुरचुरायचे, नाक गळायचं, भाकरी थापताना बाही डोळ्याला लावून लावून बाहीचा रंग उडायचा.

गोपाळराव माणूस भला. दारू नाही, बाहेरचा नाद नाही, बायकोवर हात नाही. ऑफिसातून आले की बाहेर बाजेवर बसायचे. धरणाकडून वारा यायचा. ताट तिथंच जायचं. "मीठ कमी हाय" किंवा "आज बेस झालं" एवढंच ते म्हणायचे. बाई म्हणतात, "तवा सगळ्यांच्याच घरी धूर होता बाई. त्याचं काय वाटायचं?" आणि खरंच, तेव्हा त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते तीस वर्षांनी.

पुढं गॅस आला, गोपाळराव निवृत्त झाले, जवळा बाजारात घर बांधलं. श्रेयसनं बाजारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र टाकलं. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. सून गुंजन, परभणीची, बीएस्सी झालेली. दिसायला बारीक, बोलायला गोड, कामाला चटपटीत. सकाळचा स्वयंपाक उरकून ती दुपारी श्रेयसच्या केंद्रावर बसायची. खोट काढायची म्हटली तर एकच. फोडणी पडली की तिला शिंका यायच्या. एक-दोन नाही, आठ-दहा. मिरची तडतडली की भिंतीपलीकडं मला कळायचं, आज ठेचा आहे.

एके दिवशी जेवताना श्रेयस म्हणाला, "गुंजनला फोडणीचा लई त्रास होऊन राहिला. आपण चिमणी बसवू. शेगडीच्या वर लावतात ती, धूर ओढून घेणारी."

बाई वरण वाढत होत्या.

"बसवा की," गोपाळराव म्हणाले. "पोरीला तकलीफ हाय तर काहून थांबायचं?"

श्रेयस गुंजनकडं वळून म्हणाला, "तुला कसली पाहिजे ते बघून ठेव."

मला हे सांगताना बाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, "बाई, मुलगा बोलला त्याचं काही न्हाई. तो तिचा नवरा हाय, त्यानं बोलावंच. पर हे बोलले. पोरीला तकलीफ हाय, म्हणाले. हा शब्द यांना येतो, हे मला त्या दिवशी कळलं."

गुंजन मोबाईलवर चिमण्या बघायची आणि बाईंनाही दाखवायची. "आई, ही बघा, ही आपोआप साफ होते." बाई बघायच्या, "चांगली हाय," म्हणायच्या आणि उठून जायच्या. मोरीत जाऊन उगाच भांडी विसळायच्या. गुंजन शिंकली की पूर्वी त्या पाण्याचा तांब्या पुढं करायच्या. आता त्यांना वाटायला लागलं, ही मुद्दाम जोरात शिंकते. नवरा ऐकतो ना, म्हणून.

एका रविवारी चौघं हिंगोलीला गेले. इस्माईलभाईंचं घरगुती वस्तूंचं मोठं दुकान आहे. माणूस साठीचा, दाढी पांढरी, गिऱ्हाइकाला आधी पाणी देणार. गुंजननं मोबाईलवरून काय काय लिहून आणलं होतं. ओढ किती, आवाज किती. इस्माईलभाईंनी तो कागद वाचला आणि हसून परत दिला.

"बेटी, कागदावर सगळ्याच गरीब गाई असतात. आवाज कानानं घ्यायचा. थांब, चालवून दाखवतो."

दुकानाच्या भिंतीवर सात-आठ चिमण्या लावलेल्या होत्या. त्यांनी एक काळ्या काचेची लावली. तिला बटन नव्हतं. समोर हात हलवला की निळा दिवा लागायचा आणि ती सुरू व्हायची. इस्माईलभाईंनी वर्तमानपत्राचं पान खाली धरलं, ते वर जाऊन चिकटलं. सगळ्यात जोरात केली तरी त्यांचं बोलणं नीट ऐकू येत होतं. मग त्यांनी दुसरी लावली, स्टीलची, तीन बटनांची. तिसरं बटन दाबलं आणि दुकानात गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. पान हिलाही चिकटलं, पण इस्माईलभाई काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही. बंद करून त्यांनी परत सांगितलं, "ओढीला दोन्ही बराबर. फरक आवाजाचा."

"पहिलीच घेऊ," गुंजन म्हणाली. तिनं काचेसमोर हात हलवला. निळा दिवा लागला. परत हलवला, गेला. ती हसली. श्रेयसनंही हात हलवला, तोही हसला. गोपाळरावसुद्धा पुढं झाले. लहान लेकरांसारखे तिघं त्या काचेपुढं हात हलवत उभे राहिले.

बाई स्टुलावर बसल्या होत्या, हातात पाण्याचा रिकामा ग्लास. त्या म्हणतात, त्या घटकेला त्यांना सिद्धेश्वरची ती छताजवळची वीट आठवली. ती वीटसुद्धा त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढली होती.

"मला न्हाई जमायचं ते," त्या म्हणाल्या.

तिघंही वळले.

"सोपं आहे आई," गुंजन म्हणाली. "या ना, तुम्ही करून बघा हात."

"माझे हात पिठाचे, तेलाचे. दिवा लागला का न्हाई, कुठं बघत बसू? दुपारी तुमी दोघं केंद्रावर जाता, शेगडीपाशी मीच असते. मला बटन पायजे. दाबलं की लागलं."

"पण तुम्ही मोबाईल तर..." गुंजन बोलता बोलता थांबली. बाई रोज दुपारी मोबाईलवर बोट फिरवून रांगोळ्या नि भजनं बघतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गुंजननं त्यांच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. बाईंनी नजर इस्माईलभाईंकडं वळवली.

"ताई, आवाजाचा विचार करा," ते म्हणाले. "घरी नेल्यावर रोज ऐकायचा आहे."

"आवाजाचं काय? आवाजानं कुणी मरत न्हाई."

श्रेयसनं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा आईकडं. मग म्हणाला, "आईला जमली पाहिजे. बटनाचीच द्या."

"खरं सांगते बाई," अनुसूयाबाई मला म्हणाल्या, "आवाज मी बराबर ऐकला होता. डोकं उठवणारा हाय, हेबी कळलं होतं. तिला पायजे ती मिळू नये, एवढंच डोक्यात होतं. गाडीत बसल्यावर जिंकल्यासारखं वाटलं. वाटेत औंढा येईपर्यंत वाटलं. मंग काही वाटंना."

दोन दिवसांनी अय्याज नावाचा फिटर आला. त्यानं भिंतीला गोल भोक पाडलं, चिमणी टांगली, पाइप जोडला. स्वयंपाकघरात विजेचा मोकळा पॉइंट नव्हता. बैठकीत, स्वयंपाकघराच्या दारालगत एक होता, तिथून त्यानं वायर नेली. संध्याकाळी गुंजननं तिसरं बटन दाबलं आणि माझ्या फडताळातले स्टीलचे पेले किणकिणायला लागले. मला वाटलं, दारात ट्रॅक्टर उभा राहिलाय. मी बाहेर जाऊन बघून आले.

शिंका थांबल्या, हे मान्य करायला पाहिजे. त्या दिवसापासून मी गुंजनची शिंक ऐकली नाही. पण दुसरंही काही ऐकू येईना. कुकरच्या शिट्ट्या विरून जायच्या, भात दोनदा करपला. भाजीवाला दारात ओरडून निघून जायचा. गोपाळराव बैठकीतून तीन-तीनदा चहा मागायचे आणि शेवटी उठून दारात येऊन हातानं पेल्याची खूण करायचे. पहिल्या बटनावर आवाज बेताचा होता, पण तेवढ्यानं मिरचीचा खकाणा ओढला जायचा नाही. गुंजन डोक्याला, कानावरून ओढणी गुंडाळून स्वयंपाक करायची. बाहेर आली की पाच मिनिटं कपाळ दाबत बसायची. तक्रार मात्र एकदाही केली नाही. तिनं तक्रार केली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. भांडायला तरी मिळालं असतं.

आणि मग एक वेगळंच सुरू झालं.

त्यांचं घर म्हणजे दोनच खोल्या, एक बैठक आणि एक स्वयंपाकघर. भिंती कशा आहेत ते मी सांगितलंच. नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं कुजबुजायचं म्हटलं तरी पंचाईत. श्रेयस संध्याकाळी सातला घरी यायचा. तेव्हा गुंजन भाजी फोडणीला टाकत असायची. तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचा आणि बाहेरच यायचा नाही. चिमणी घरघरत असायची. तिच्याखाली ती दोघं डोक्याला डोकं लावून उभी. बोलायची, पुष्कळ बोलायची. मधेच हसायची. बाई बैठकीत चार पावलांवर बसलेल्या. त्यांना ओठ हलताना दिसायचे, शब्द एकही कळायचा नाही.

"मी तिला त्रास व्हावा म्हणून आवाज आणला," त्या म्हणाल्या, "आन् त्यांनी त्या आवाजात आपली खोली केली."

बाईंच्या जिवाची नुसती आग आग व्हायची. काय बोलत असतील? पोरगा दिवसभराचं सगळं पूर्वी मला सांगायचा. कोण आलं, कुणाचा फॉर्म परत आला, कुणाचं आधार जुळलं नाही. आता माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यातलं काही उरत नाही. हे त्यांचे शब्द.

त्या काहीतरी निमित्त काढून आत जायच्या. मीठ हाय का बघते. वाटी कुठं ठेवली. त्या आत गेल्या की बोलणं थांबायचं. कुणीही आत आलं असतं तरी थांबलंच असतं, पण बाईंना वाटायचं, आपलंच चाललं होतं. मग त्यांना तो पॉइंट सापडला. बैठकीतला. बसल्या जागेवरून उठून हात लांबवला की खटका हाताला लागायचा.

पहिल्यांदा त्यांनी तो बंद केला तेव्हा आतून गुंजननं विचारलं, "काय झालं?"

"भाजी शिजली आसंल की. काहून उगी चालू ठेवता?"

असं मग दोन-तीन दिवसांआड व्हायला लागलं. श्रेयस एकदा म्हणाला, "आई, आतलं बटन आहे ना बंद करायला." त्या म्हणाल्या, "मला हेच बराबर पडतं."

थंडीचे दिवस होते. संध्याकाळची वेळ. मी माझ्या स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. पलीकडं चिमणी जोरात होती, म्हणजे आवाजावरून आवाज काढत दोघं बोलत असणार. आणि एकदम ती बंद पडली. बंद पडता पडता गुंजनचं वाक्य, ओरडून बोललेलं, जसंच्या तसं माझ्या भिंतीवर आदळलं.

"...आईंनी मुद्दाम आवाजाची घ्यायला लावली, श्रेयस! मला दुकानातच कळलं होतं!"

मी कणकेतला हात तसाच ठेवला.

पलीकडं बाई खटक्यावर बोट ठेवून उभ्या. गोपाळरावांनी पेपर खाली घेतलेला. आत तव्यावर भाकरी, ती उलटायचं भान कुणाला राहिलं नाही, करपल्याचा वास यायला लागला. श्रेयस दारात आला. "आई," एवढंच म्हणाला.

"लाईट गेली वाटतं," बाई म्हणाल्या.

डोक्यावर ट्यूब लख्ख जळत होती.

सकाळी बाईंनी पिशवी भरली. "भावाला बरं न्हाई, साखऱ्याला जाऊन येते," म्हणून एसटीत बसल्या. भाऊ किशनराव ठणठणीत होता, शेतातून हरभऱ्याला पाणी देऊन येत होता. बहिणीला अचानक दारात बघून तो हरखला.

साखऱ्याच्या घरात गॅस होता, पण तो पाहुणे आले की. रोजच्या भाकरी चुलीवरच. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, बिनखिडकीचं, अंधारं. वहिनी फुंकणीनं जाळ करत होती. बाई तिच्याशेजारी पाटावर बसल्या आणि दोन दिवस सुनेचं गाऱ्हाणं सांगत राहिल्या. कशी बोलते, कशी हसते, नवऱ्याला आत कशी धरून ठेवते. धुरानं दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळं कोण रडतंय ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं विचारलं, "वन्सं, सुनंनं तुमाला टाकून बोललं का कधी?"

"न्हाई."

"खायला-प्यायला?"

"न्हाई गं. ताट वाढल्याशिवाय जेवत न्हाई."

"पोरगं तुमचं ऐकत न्हाई का?"

"ऐकतं. ऐकलं म्हणून तर ती चिमणी आली."

वहिनीनं भाकर उलटली. "मंग तुमाला राग दाजींचा आला आसंल," ती गोपाळरावांबद्दल म्हणाली आणि परत फुंकणी तोंडाला लावली.

वहिनीला त्यात फार काही बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. बाई मात्र त्या दिवशी दुपारभर अंगणात बसून राहिल्या. चौथ्या दिवशी परत आल्या.

आल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले. गुंजन स्वयंपाकघरात एकटीच, कानाला ओढणी, चिमणी चालू. बाई पिशवी घेऊनच आत गेल्या आणि ओट्याजवळ उभ्या राहून बोलल्या. गुंजनला ओठ हलताना दिसले. तिनं चिमणी बंद केली.

"काय म्हणालात?"

एकदा म्हणताना जड गेलं होतं, दुसऱ्यांदा त्याहून जड गेलं. "दुकानात मी मुद्दाम केलं. मला ती काचेची चालवता आली असती."

"माहिती आहे मला," गुंजन म्हणाली.

"काहून केलं ते ईचार."

गुंजननं विचारलं नाही. तेव्हा बाईंनीच सांगितलं. सिद्धेश्वरची खोली, पऱ्हाट्या, वीट, बाहेरची बाज. "मला तीस वर्षांत कुणी ईचारलं न्हाई, धूर लागतो का. तू लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात शिंकलीस तर सगळं घर हिंगोलीला निघालं. मला सहन झालं न्हाई."

बाईंना वाटलं होतं, हे ऐकून पोरगी विरघळेल. गळ्यात पडेल. गुंजनचे डोळे भरले, पण ती चिडली होती.

"आई, माझं रोज डोकं दुखतं. गोळी घेऊन झोपते मी. तुम्हाला धूर बाबांनी खायला लावला, मग आवाज मी का ऐकायचा?"

बाईंनी पिशवी उचलली. त्या बाहेर आल्या. हे मी भिंतीतून ऐकलं नाही, बरं का. हे बाईंनीच मला सांगितलं, शब्दाला शब्द. स्वतःची बाजू सावरून घ्यायची सोय असताना त्यांनी तसं केलं नाही, म्हणून मला त्या आवडतात.

गोपाळराव बैठकीत होते. बाईंनी दार लोटलं आणि विचारलं, "तुमी मला एकदा तरी का ईचारलं न्हाई?"

"काय?"

"धुराचं."

गोपाळराव म्हणाले, "तू कधी सांगितलं न्हाईस."

"डोळे लाल दिसत नव्हते?"

त्यावर ते उठून फिरायला निघून गेले. दोन दिवस घरात असून नसल्यासारखे वागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई मागच्या अंगणात कपडे काढत होत्या, तिथं ते आले. वाळलेला टॉवेल हातात घेऊन त्याच्या घड्या घालत राहिले. उलट्या घातल्या, परत घातल्या.

"दिसत होतं," ते म्हणाले. "डोळे दिसत होते, खोकलाबी ऐकू येत होता. दिसत होतं म्हणून तर बाहेर बसायचो. आत आलो असतो तर काहीतरी करावं लागलं असतं."

बाईंनी दोरीवरचे कपडे तसेच ठेवले आणि आत निघून गेल्या. पंधरा दिवस त्यांनी नवऱ्याशी कामापुरतं सोडून बोलणं टाकलं. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ताट मात्र वेळेवर मिळत होतं. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं कधी त्यांच्यावर चिडले न्हाई. आता चिडले तर सुनंवरचा जाळ आपसूक कमी झाला. रागाला बराबर पत्ता सापडला म्हणा."

कमी झाला, विझला नाही. श्रेयसनं काचेची चिमणी आणायची तयारी दाखवली, पण ती जुनी इस्माईलभाई परत घेईनात, आणि वापरलेली परत घ्या म्हणणं बरोबरही नव्हतं. तेव्हा सासू-सुनांनी आपसांत ठरवून टाकलं. ठेचा, मिरचीची फोडणी, तळण, असलं खकाण्याचं सगळं बाई करणार, गुंजननं तेवढा वेळ बाहेर थांबायचं. बाकीचं गुंजन करणार, पहिल्या बटनावर. हे बाईंनी सुचवलं. गुंजननं लगेच हो म्हटलं नाही, दोन दिवस घेतले. मग एका सकाळी तिनं मिरच्यांचं ताट बाईंच्या हातात दिलं आणि स्वतः माझ्याकडं येऊन बसली. पलीकडं तिसरं बटन लागलं. तिनं कानाला हात लावला, मग काढला, आणि मला विचारलं, "बाई, तुम्हाला रोज एवढं ऐकू येतं?" मी म्हटलं, "पेले वाजतात." तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली.

त्यांचं सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी श्रेयस अजून आत जातो. पहिल्या बटनाच्या घरघरीत काही ऐकू येतं, काही येत नाही. बाई बैठकीत न बसता माझ्याकडं येतात. "तिथं बसले की हात खटक्याकडं जातो," म्हणतात.

गेल्या महिन्यात त्या परत साखऱ्याला गेल्या, यावेळी पिशवी नीट भरून. जेवायला बसल्यावर त्यांनी किशनरावाला सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, वहिनीला धूर लागतो, ठाऊक हाय का तुला?"

किशनराव म्हणाला, "चूल म्हटल्यावर धूर आलाच की."

"तिला ईचार काय पायजे."

"काहून? काय झालं?"

"ईचार म्हणते ना."

किशनरावानं अवघडून बायकोकडं बघितलं. चाळीस वर्षांत असला प्रश्न त्यानं केला नव्हता, आणि तिनंही असल्या प्रश्नाची तयारी केली नव्हती. ती पदर तोंडाला लावून हसली, नको म्हणाली, परत हसली. बाईंनी पिच्छा सोडला नाही. "चिमणी बसवायची का? सांग."

"ते घरघरतं ते नको," वहिनी म्हणाली. आणि मग हळूच म्हणाली, "खिडकी पायजे. मागच्या भिंतीला. लई मोठी नको."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. बाई खिडकी बसेपर्यंत तिथंच राहिल्या. चौकट लागली, चुलीचा धूर सरळ वाट धरून बाहेर निघाला. मागं तुरीचं रान आहे, तिथून उजेड आत आला आणि वहिनीच्या डब्यांवर पडला. डब्यांचा रंग वहिनीनं स्वतः पहिल्यांदा नीट बघितला. ती भाकरी थापायची सोडून खिडकीशी जाऊन उभी राहिली. किशनरावही आला, तोही उभा राहिला. दोघं बाहेर बघत काहीतरी बोलत होते.

"तुम्हाला किती बरं वाटलं असेल," मी अनुसूयाबाईंना म्हटलं.

त्यांनी मेथीचा देठ मोडला. "वाटलं ना," त्या म्हणाल्या. "पर खोटं काहून बोलू बाई? तिथंबी जळलं थोडं."